नकाशात तलाव नव्हता

आमच्या खैरबोडीला विमानतळ झालं तेव्हा गावाने आधी नावं ठेवली, आणि पहिलं विमान उतरलं तेव्हा नावं ठेवणारेच सगळ्यांच्या पुढे कुंपणाला चिकटून उभे होते. आठवड्यातून तीन विमानं येतात, तीही लहान. तरी भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला विमानतळ आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

विमानतळाच्या भिंतीला लागून एक नाला जातो. गावातून येताना तो साधाच असतो, पण भिंतीपाशी जमीन एकदम खाली उतरते आणि दोन पुरुष खोल घळ लागते. घळीत करंजाची झाडं, बेशरमाची झुडपं आणि अलीकडे अख्ख्या गावाचा कचरा. कोंबडीवाले तिथे घाण टाकू लागले, त्यावर घारी जमल्या, आणि घारी विमानाच्या वाटेत येतात म्हणून तक्रार गेली. कचरा टाकणाऱ्यांचे कान धरायचे सोडून वरून हुकूम आला की नालाच पाइपात घाला आणि घळ बुजवून टाका. मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पोराने पाटी फोडली म्हणून मी कधी शाळेचं छप्पर उतरवलं नाही.

पण ते काम आलं माझ्याच मुलीकडे. शुभांगी नगरपंचायतीत अभियंता आहे, आमच्या कोहळी समाजातली गावातली पहिली. तिचं हे पहिलं मोठं काम. तीन महिने ती घळीत उतरून मोजमापं घेत होती. घळीच्या तोंडाशी, नाला आत शिरतो तिथे, आठ वर्षांपूर्वी वसलेल्या मातानगरची साठ घरं आहेत, तिथे दारोदार जाऊन तिने विचारलं की पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं. सगळ्यांनी एकच सांगितलं, आठ वर्षांत गुडघ्याच्या वर नाही. त्यावरून तिने गणित मांडलं: चार फुटी दोन पाइप पुरेत. पाइप आलेही, घळीच्या तळाशी उतरवूनही झाले. सोमवारी भूमिपूजन ठरलं.

गुरुवारी दुपारी तिने घरी नकाशा पसरला आणि तिच्या बाबांना बोलावलं. बाबांनी शाबासकी द्यावी म्हणूनच पसरला होता, मला काय कळत नाही?

हे, म्हणजे टिकाराम, गावाचे पाणकर. गावाच्या वरच्या अंगाला आमच्या पूर्वजांनी बांधलेला तलाव आहे. त्याचं पाणी कोणाच्या धानाला, कधी आणि किती सोडायचं ते तीस वर्षं हेच ठरवतात. लग्नाच्या पंगतीत पाणकराचं पान आधी वाढलं जातं. माणूस अबोल, पण ते पान चुकलं तर न जेवता उठेल एवढा मानी.

त्यांनी नकाशा वरून खाली बघितला, पुन्हा बघितला.

"याच्यात तलाव कुठी आहे?"

"तलावाचं पाणी नाल्यात येतच नाही बाबा," शुभांगी म्हणाली. "आठ वर्षांत सलंग वाहिलीच नाही. सगळ्यांले विचारलं मी."

सलंग म्हणजे तलावाचा दगडी सांडवा. तलाव भरला की जादा पाणी तिच्यावरून पडतं आणि ओहोळाने निघून जातं. तोच ओहोळ पुढे विमानतळामागचा नाला होतो.

यांनी चपला घातल्या आणि निघून गेले. शुभांगी माझ्याकडे बघत राहिली आणि मी भाजीकडे. कारण सलंग का वाहत नाही, ते मला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी पाऊस मधेच दडला आणि उशिरा येणारं भारी धान लोंबीवर असताना वाळलं. पुढच्या वर्षी यांनी आणि श्यामरावांनी, म्हणजे तलाव समितीच्या अध्यक्षांनी, सलंगेवर मातीची पोती रचून ती हातभर उंच केली. तेवढंच पाणी जास्त थांबतं आणि दिवाळीपर्यंत शेवटच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेवटच्या शेतालाही पुरतं. सरकारी नियमाने सलंगेची उंची वाढवणं गुन्हा आहे. त्यामुळे गावात हे कोणी बोलत नाही, आणि शेतकरी सोडून फारसं कोणाला माहीतही नाही. दरवर्षी ती पोती माझ्या मशीनवर शिवली जातात. मास्तरीणबाईंनी पोरांना नियम शिकवायचे आणि घरी ही शिवण करायची. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, कारण धान पिकत होतं.

म्हणजे शुभांगीने मोजला तो नाला खरा नव्हताच. तिच्या बापाने पाणी वर अडवून धरलेला नाला तिने मोजला होता.

शनिवारी हे श्यामरावांकडे गेले. परत आले ते कपाळावर आठ्या घेऊन.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"चूप राहा म्हनते. तोंड उघडलं तं समिती जाईन, पोती जातीन अन् पाणकरकीही जाईन, म्हनते."

"मग?"

"मंग काय! पोती काही कायमची नाईत. ज्या वर्षी मोठा पानी येईन, त्या वर्षी काढाच लागतीन, नाई तं तलावाची पाळ फुटन. तवा ते पानी दोन पाइपातून जाईन का? मातानगरात जाईन." मग म्हणाले, "अन् नाव पोट्टीचं येईन."

मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त.

रविवारी सकाळी त्यांनी शुभांगीला अंगणात बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आठ वर्षं बाबा? अन् मी तीन महिने त्या घाणीत उतरून राहिली, तवाही नाही सांगतलं?"

"तू पाइप टाकून राहिली हे मले गुरुवारीच समजलं. मले वाटलं, साफसफाई करून राहिली."

"मी उद्या साहेबांना सांगते. पण कागदाशिवाय ते ऐकणार नाहीत."

"कागद नाई माह्यापाशी," हे म्हणाले. "पानी आहे."

त्या दिवशी हे शेतकऱ्यांच्या दारोदार फिरले. तलाव काठोकाठ होता. पोती काढायची म्हणजे दिवाळीचं पाणी सोडून द्यायचं. काहींनी शिव्या घातल्या. हे सगळ्यांना एकच सांगत होते, निम्मीच काढतो, आणि माझी बांधी शेवटची आहे, आधी माझीच वाळेल. शुभांगीने मातानगरात जाऊन लोकांना घळीपासून दूर राहायला सांगितलं.

सोमवारी घळीच्या काठावर मंडप, नारळ, हार. मुख्याधिकारी साहेब आले, विमानतळाचे अधिकारी आले. शुभांगी पुढे झाली आणि म्हणाली, "सर, नारळ फोडू नका. माझं गणित चुकलं आहे."

साहेब हसले. त्यांना वाटलं पोरगी घाबरली. "मॅडम, आठ वर्षांची नोंद तुम्हीच दिली."

"अर्धा तास थांबा सर. खाली पाइपांकडे बघा."

तिने तलावावर फोन केला. तिकडे हे चार माणसांना घेऊन उभेच होते.

आधी नाल्याचा वास बदलला. मग कचऱ्याच्या पिशव्या हलल्या, आणि गढूळ पाणी फेस घेऊन वळणावरून आलं. शुभांगीने घळीत रंगवलेली मोजपट्टी रोवून ठेवली होती, ती काठावरून आकडे मोठ्याने वाचत होती. दोन फूट. तीन. साडेचार. पाइपांची तोंडं अर्धी बुडाली, मग दिसेनाशी झाली. हातातला नारळ साहेबांनी कधी खाली ठेवला ते त्यांनाही कळलं नसेल. वर आभाळ स्वच्छ होतं, पावसाचा एक थेंब नव्हता.

तासाभराने हे आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"निम्मीच पोती काढली साहेब," ते म्हणाले. "अन् हे बिनपावसाचं पानी आहे. सलंग मी उंच केली होती. पोट्टीची काही चूक नाई."

"चूक माझीच आहे," शुभांगी म्हणाली. "तलाव डोळ्यांसमोर होता, अन् मी तिथे गेलीच नाही. नकाशात घेतलाच नाही."

"मी लपवलं होतं तं तुले कसं दिसन?"

"पाणी का येत नाही, हे मी विचाराले पाहिजे होतं. माझं कामच ते आहे!"

"माही चूक आहे म्हनून राहिलो नं!"

"नाही, माझी!"

साठ घरांचे लोक, दोन कार्यालयांचे अधिकारी आणि मंडपवाला, सगळे बघत होते. बाप आणि लेक भर चौकात भांडावं तशी भांडत होती, आणि भांडण चूक आपल्याच पदरात पडावी म्हणून चाललं होतं. मी पुढे झाले आणि पोती शिवल्याचं सांगून टाकलं. एवढी वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणत आले, त्यातलं त्या दिवशी थोडं फेडलं असं मला वाटलं. छाती भरून आली होती, ती यांच्यामुळे आणि लेकीमुळे.

भूमिपूजन झालं नाही. पाइप क्रेनने वर काढले. घळ उघडीच राहणार असं ठरलं आणि कचरा उचलायला गाडी लागली. पाटबंधारे खात्याची नोटीस आली, ती यांनी दोन्ही हातांनी घेतली. आठ दिवसांत समितीने पाणकरकी काढून खुशाल नावाच्या दुसऱ्या शेतकऱ्याला दिली. त्या आठवड्यात गावात एका पंगतीचं बोलावणं आलं तर हे गेले नाहीत.

दिवाळीच्या आधी शुभांगीने नवा नकाशा आणला. सगळ्यात वर निळ्या रंगात तलाव होता, सलंग होती, तिची मूळ उंचीही लिहिली होती. खाली कोपऱ्यात एक ओळ होती. यांनी चष्मा लावून ती बोट ठेवून वाचली: "पाण्याची माहिती देणारे: टिकाराम कापगते, पाणकर, खैरबोडी."

"हे खोड," ते म्हणाले. "आता मी पाणकर नाई."

"गावात नसाल बाबा," शुभांगी म्हणाली. "नकाशात आहात. आता साहेबांची सही झाली, मलेही खोडता येत नाही."

यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मोठ्याने.