मिसरीच्या डबीतल्या गोळ्या

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी डबी आहे. चौसाळ्याच्या बाजारातून लिंबागणेशच्या मंगलकडे आले ती मिसरी, म्हणजे दात घासायची भाजलेली तंबाखू, ठेवण्यासाठी. ऊसतोडीच्या फडात बायका मला हातोहात फिरवत आणि माझ्या घट्ट झाकणाचे कौतुक करत.

पुढे मंगलला घरी फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावले: सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. पण तोडणीला नवरा-बायकोची जोडी लागते. आजार कळला तर टोळीचा मुकादम दोघांनाही नाकारील, या भीतीने तिचा नवरा अंगद याने गोळ्या पाकिटातून सोलून माझ्यात भरल्या. मिसरीच्या डबीत औषध कोण शोधणार?

शोधायला कोणी आले नाही, मागायला आले.

"मंगल, चिमूटभर मिसरी दे की," शेजारच्या पाचटाच्या कोपीतली साखराबाई म्हणाली.

"संपली, मावशी."

"मंग रिकामी डबी कावून उराशी धरतीस? नवऱ्याचा जीव ठिवलाय व्हय तिच्यात?"

बायका खदखदून हसल्या. तेव्हापासून मंगल मला चारचौघांत उघडेना. सकाळची गोळी चुकली, मग संध्याकाळचीही. उरलेल्या गोळ्या ओल लागून मऊ पडल्या.

एके दिवशी ती उसात कोसळली. हातातला कोयता सुदैवाने दूर पडला. कुणी तिच्या नाकाला चप्पल लावली. चपलेने फिट थांबते याला पुरावा नाही. ती आपली आपणच थांबली. चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी अंगदने माझ्यातल्या दोन गोळ्या तिच्या ओठांशी नेल्या.

"आरं, आदी डागदरला इचार!" साखराबाईने त्याचा हात धरला.

फोनवर डॉक्टर म्हणाले, तिला कुशीवर वळवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात काही घालू नका. मनाने दोन गोळ्या एकदम देऊ नका. लगेच दवाखान्यात आणा.

मंगलने डोळे उघडले आणि पदर तोंडावर ओढला. "समद्यांनी बघितलं?"

"बघितलं. माझी बीपीची गोळी भाकरीसंगं समद्यांदेखत असती. तुजीच कावून चोरीची?" साखराबाई म्हणाली.

"मीच लपवायला लावलं, मावशी," अंगद मान खाली घालून म्हणाला.

दवाखान्यातून परतल्यावर मुकादमाने कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा साखराबाईने एवढेच सांगितले, "ही गेली तर आमी बी जातो." मंगल टोळीत राहिली.

लाज मलाही वाटली, मित्रांनो. मिसरीने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. ती माझ्यातून राजरोस वाटली गेली. जिच्यावर एका बाईचा जीव अवलंबून होता, ती गोळी मात्र माझ्यात तोंड लपवून बसली. औषध त्याच्या पाकिटातच राहू द्या, ते वेळेवर घ्या. आणि आपल्यासमोर कुणाला गोळी गिळायची चोरी वाटत असेल, तर आपण कशाला हसलो होतो, ते एकदा आठवून पाहा.