उत्तरासाठी सोडलेली जागा

बावीस वर्षं मी सरकारी खात्यांची तपासणी करतोय. आणि ही काल आलेली पोरगी! नुसते झिजलेले टायर बघून म्हणाली, इंजिनिअरची सरकारी गाडी रविवारीही फिरते. खरंच निघालं. तेव्हापासून साहेब तिचंच गुणगान गातात. वर ती मला दादा म्हणते, तेही टोचतं.

शेवटी मी तिच्याविरुद्ध निनावी तक्रार टाकली: ही जिथं तपासणीला जाते, तिथलाच चहा पिते. आमच्याकडे हा गुन्हाच. अक्षर ओळखू नये म्हणून बाहेरून टाइप करून आणली.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"तक्रार निनावी आहे," ते म्हणाले, "पण आपल्या तपासणी अहवालासारखे मुद्द्यांना क्रमांक दिलेत आणि उजवीकडे उत्तरासाठी जागा सोडलीय. बाहेरच्या माणसाला ही सवय कुठून असणार?"

मेला हा बावीस वर्षांचा हात, ऐकतोय कुणाचं!

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्या मोकळ्या जागेत तिनं रीतसर उत्तर लिहिलं होतं: "चहा घेतला, हे मान्य. मागवला दादांनी. दोघांचे पैसे मी दिले."