तोंडात फूल खोचलेला शंख

मित्रांनो, मी शंख आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगून पाहतो.

कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटाजवळ, पाण्याखालच्या गवतात माझा जन्म झाला. माझ्यात एक मऊ, सावकाश चालणारा जीव राहत असे. त्यानेच थरावर थर देत मला घडवले, आतून गुलाबी रंग दिला. एके दिवशी कोळ्यांनी आम्हांला वर काढले. जीव रश्श्यात गेला, मी रिकामा उरलो. पहिल्यांदा माझ्यात वारा शिरला तेव्हा मला वाटले, तोच परत आला.

त्या बेटावर राहणारी ओडेसा तेव्हा तरुण होती. मी तिच्या हाती आलो. तिने माझे टोक करवतीने कापले आणि तिथे ओठ लावून फुंकले. त्या किनाऱ्यावर प्रत्येक घराची फुंकण्याची ढब निराळी. ओडेसाची होती एक लांब, तीन आखूड. समुद्र बिघडला की ती असे फुंकून होड्या मागे बोलवी. तिचा भाचा आल्बन दिवसभर खडकांवर हुंदडे, त्यालाही ती जेवायला त्याच हाकेने बोलवी. तिच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच होता: घरी या.

मग सगळ्यांकडे फोन आले. ओडेसा म्हातारी झाली. मोठ्या जहाजांतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी धक्क्यावर जायफळ आणि कोकोचे गोळे मांडून बसू लागली. मी तिच्या टेबलावरचा कपडा उडू नये म्हणून ठेवलेले वजन झालो. कुणीतरी माझ्या कापलेल्या टोकात प्लास्टिकचे फूल खोचले. आत कुंभारीण माशीने मातीचे घर केले. मी तक्रार केली नाही. शोभा देणे हेही एक काम असेल, अशी समजूत घालत राहिलो.

एका सकाळी जहाजातून एक कुटुंब उतरले. आर्वे नावाचा बाप, त्याची मुलगी सिग्ने आणि काठी टेकत चालणारी त्याची आई. ती थंड देशातली माणसे. दुपारी तीनला जहाज सुटणार, म्हणजे एकच किनारा बघून होणार होता.

"मला गुडघाभर कोमट समुद्रात उभं राहायचंय," आजी म्हणाली. "पायाचं ऑपरेशन झाल्यापासून तेवढंच मनात आहे. पुढच्या वर्षी येणं होईल असं वाटत नाही."

आर्वेने कागदावरचे चित्र दाखवले. पांढरी वाळू, निळे पाणी. "हाच किनारा हवा."

"बेटाच्या त्या टोकापलीकडे आहे. माझी होडी तयारच आहे," आल्बन म्हणाला.

"ही शेजारची खाडी काय वाईट आहे?" ओडेसाने विचारले. "डोंगराच्या कुशीत आहे. पाणी कसं ताटात वाढल्यासारखं."

"तिथली वाळू काळी आहे ना? फोटोत कशी दिसेल?" आर्वे म्हणाला.

"ऐकलंस, तांती? पाहुण्यांना फोटोत पोहायचंय," आल्बन हसला. तिकडे सगळे मावशीला तांती म्हणतात.

होडी गेली. ओडेसा जायफळे निवडत बसली आणि मध्येच थांबली. धक्क्याच्या पायऱ्यांवरचे पाणी खाली गेले होते, शेवाळलेली तळची पायरी उघडी पडली होती. मग पाणी हळूच वर चढले. वारा नव्हता, ऊन लख्ख होते.

"उत्तरेची लाट," ती पुटपुटली. दूर कुठे वादळ झाले की ती अशा शांत दिवशी येते, आणि उघड्या किनाऱ्यांवर होड्या उलथवते.

तिने आल्बनला फोन लावला. तो टेबलाखालच्या टोपलीत वाजला. चार्जिंगला लावून पठ्ठ्या तसाच गेला होता.

"गाढव," म्हणत तिने मला उचलले, फूल उपटले आणि फुंकले. नुसती धूळ उडाली. पुन्हा फुंकले, घरघर झाली. होडी टोकाजवळ पोचत आली होती. मला वाटले, मी विसरलो बहुधा. ओडेसाने केसातला आकडा काढून आतली माती फोडली आणि छाती भरून श्वास घेतला.

एक लांब. तीन आखूड.

तो आवाज माझा होता, यावर अजून माझा नीट विश्वास बसत नाही. होडी क्षणभर थबकली आणि वळली.

"तांती, आत्ताशी दहा वाजलेत," आल्बन धक्क्याला लागत ओरडला. "जेवायला काय केलंयस?"

"तुझं डोकं. मागे बघ."

टोकापलीकडे पांढरा फेस खडकांच्याही वर उसळत होता. आर्वेने हातातला कागद घडी करून खिशात घातला.

मग सगळे काळ्या वाळूच्या खाडीवर गेले. ओडेसाने मला बगलेत घेतले होते. एका बाजूने आल्बनने आणि दुसऱ्या बाजूने आर्वेने आजीला धरले. ती गुडघाभर पाण्यात डोळे मिटून उभी राहिली, किती वेळ ते कुणी मोजले नाही.

सिग्नेने मला कानाला लावले. "आजी, याच्यात समुद्र ऐकू येतो."

"तो तू ऐक," आजी डोळे न उघडता म्हणाली. "माझा मला मिळाला."

निघताना आर्वेने मला विकत मागितले.

"माझी जीभ मागतोस होय रे?" ओडेसा म्हणाली. "जायफळ ने."

आता ती रोज सकाळी केसातल्या आकड्याने माझा गळा साफ करते. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने असेल, वस्तू किंवा माणूस. त्याला जपा, पण नुसते सजवून ठेवू नका. त्याच्या तोंडातले फूल अधूनमधून काढा, आणि त्याला एकदा बोलू द्या.