हलके ठोके

तांबटाचं दुकान आणि घड्याळजीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि नात्यात एक बाई. तांबटाची थोरली बहीण, तीच घड्याळजीची बायको. दोन्ही बिऱ्हाडं दुकानांच्या वर, एकाच माडीवर. पण आता घड्याळजीने बाजारापलीकडे नवी जागा पाहिली होती, बिऱ्हाडासकट. उद्या होकार कळवायचा होता. भाऊ एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला, हे काही ताईच्या मनाला पटेना. दोघांचं बोलणं तर केव्हाच बंद पडलेलं. ती उठली आणि आपल्या मावशीला घेऊन आली.

मावशीकडे भांडणं माहेरी आल्यासारखी येत. तिने दोघांना घड्याळजीच्या दुकानात समोरासमोर बसवलं, देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "एकाने बोलायचं. दुसऱ्याने तेच सांगून दाखवायचं, पदरची फोडणी न घालता. पहिला 'हो, हेच' म्हणाला, की दुसऱ्याची पाळी."

"शाळा आहे का ही?" तांबट कुरकुरला.

"शाळेत तू कधी ऐकलंस? बस गुमान."

घड्याळजीने सुरुवात केली. "माझ्या चिमट्यात घड्याळाची केसाएवढी कमान असते, स्प्रिंग. भिंत थरथरली की गेली उडून. पूर्वी चालून जायचं. हल्ली मेहुणे दिवसभर टुकटुक करतात. मला हुसकावायला, मुद्दाम."

"दाजी म्हणतात, मी फार आवाज करतो."

"हे मी म्हटलंच नाही."

"पुन्हा," मावशी म्हणाली.

"पूर्वी चालून जायचं..." तांबट अडखळला. "पूर्वी तर मी दणादण ठोकायचो."

"तुझं नंतर."

"पूर्वी चालायचं, हल्लीची टुकटुक सोसत नाही. मी मुद्दाम करतो, असं त्यांना वाटतं."

"हो, हेच."

मग तांबट बोलला. "ताई म्हणाली, दाजींना त्रास होतो. म्हणून मी हातोडी हलकी घेतली. दुपारी उरकणारं पातेलं आता दिवस खातं. गिऱ्हाईक ओरडतं, हात भरून येतो. आणि वर हे जागा बघतात."

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. "मेहुण्यांनी माझ्यासाठी हातोडी हलकी केली. त्यांचं काम लांबलं. आणि मी त्यांना दुष्ट ठरवलं."

"शेवटचं मी नव्हतो बोललो."

"फोडणी नको, जावईबापू," मावशी म्हणाली. "आता सांगा, पूर्वी चालायचं ते कसं?"

"दणका सुरू झाला की मी चिमटा ठेवायचो. काचा पुसायच्या, पट्टे बसवायचे. ते तांबं तापवायला थांबले, की नाजूक काम. टुकटुकीला थांबाच नाही."

"आणि मला वाटायचं, तुम्ही नुसते चहा पिता," तांबट म्हणाला.

पुढची घासाघीस बराच वेळ चालली. घड्याळजीला सकाळ शांत हवी होती. तांबटालाही सकाळचाच हात ताजा वाटे. शेवटी ठरलं, सकाळी तांबं कापणं, तापवणं. दुपारपासून जड हातोडी, आधी भिंतीवर दोन थापा देऊन.

"नाही जमलं तर?" घड्याळजीने विचारलं.

"तर जागा बघण्याआधी एकमेकांची तोंडं बघा," मावशी म्हणाली.

घड्याळजीने संध्याकाळीच त्या जागेला नकार कळवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर थापा पडल्या आणि माडीची जमीन हादरू लागली. ताईने फळीच्या कडेचे कप आत सरकवले आणि बांधून ठेवलेली गाठोडी सोडायला बसली.