दाखल्यातलं वय

सुंदराबाईच्या नाकावर राग असतो, हे अकोल्याच्या त्या जिनिंगात नव्याने आलेल्या मुकादमालाही दोन दिवसांत कळायचं. सरकी काढायच्या यंत्रावर, म्हणजे रेच्यावर, कापूस टाकणाऱ्या चाळीस बायांमध्ये तिच्याशी वाकडं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण तिची पोरगी शाळेत जायला लागली आणि या रागाला खरं खाद्य मिळालं. त्याआधीचा राग म्हणजे नुसती हळद होती, तिखट अजून पडायचं होतं.

पोरगी सत्यभामा, घरची भामा. एकुलती एक. बाप मोतीराम त्याच जिनिंगात गाठी बांधायचा. माणूस असा गरीब की कुत्र्यालाही 'हाड' म्हणताना मागेपुढे बघायचा. भामाला चार वर्षं होतात न होतात तोच ती शेजारच्या नसीमबानोच्या पोरांजवळ बसून त्यांचा उर्दूचा कायदा, म्हणजे बाराखडीचं पुस्तक, वाचायला शिकली. पुड्या बांधून आलेल्या कागदावरचं मराठी ती आधीच वाचत होती. "अगे सुंदरा, ये लडकी है के मुन्शी?" नसीमबानो म्हणायची आणि पोरीची दृष्ट काढायची. पाचव्या वर्षी आईबापाची भाकर घेऊन ती जिनिंगात आली, पट्ट्यावर फिरणाऱ्या दोन चाकांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बा, मोठं चाक दोनदा फिरलं का लहानं सातदा फिरते." मोतीराम हसला. इंजिनवाल्या गुलाम नबीने दोन्ही चाकांवर खडूची रेघ ओढून मोजलं. सातदाच फिरत होतं. त्या दिवसापासून गुलाम नबी तिला 'इंजिनेर' म्हणू लागला.

अशा पोरीला शाळेत घातलं, तर मास्तराने काय करावं? पहिलीच्या मास्तराने महिनाभर तिच्याकडून पाटीवर 'ग' गिरवून घेतला. मग त्याच्या ध्यानात आलं की हिला सगळंच येतं. तेव्हा त्याने पन्नास पोरं तिच्या हवाली केली आणि आपण पानाच्या ठेल्यावर जाऊन बसू लागला. साडेपाच वर्षांची पोर मास्तरकी करायची आणि पगार घ्यायचा तो! सुंदराबाई शाळेत जाऊन त्याला म्हणाली, "गुर्जी, तुमाले येत नसन तं तुमीबी बसा पोट्ट्यायमंदी. शिकवन थे तुमालेबी." तेव्हा त्याने सूड म्हणून भामाला चौथीच्या वर्गात नेऊन उभं केलं, मोठ्या पोरांना न आलेली गणितं तिच्याकडून सोडवून घेतली आणि पोरांना म्हणाला, "घ्या, बांगड्या भरा." शाळा सुटल्यावर त्या पोरांनी तिचा हात पिरगाळला. आठ दिवस तिला घास घेता येत नव्हता. हुशार लेकराचं आमच्याकडे एकतर गाढव करतात, नाहीतर माकड. तिसरं काही करायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

हेडमास्तर देवरावगुरुजी मात्र भला माणूस. त्यांनी भामाला दोन तास समोर बसवलं, भागाकार घातला, भूगोल विचारला, आणि चष्मा पुसत म्हणाले, "सुंदराबाई, हिले चौथीत बसवतो. वयाचं मी पाहून घेतो."

वयाचं पाहून घेणं म्हणजे काय, ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. जन्माची टिपणं कुणाजवळ होती? आई सांगायची, 'तूर निघाली तवा झाला,' आणि गुरुजी रजिस्टरात एक जुलै लिहून मोकळे व्हायचे. अख्खी वस्ती एक जुलैला जन्मलेली. वर्ष तेवढं वर्गाला बसेल असं टाकायचं. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. पाप करायला आधी खरं माहीत असावं लागतं. भामाचं मात्र खरं माहीत होतं. छप्पन्न साली सुंदराबाई नागपूरला दीक्षेला गेली, तेव्हा तिला सहावा महिना होता. बाकी काही विसरेल, पण ते ती कसं विसरणार? तरी गुरुजींनी लिहिलं, एक जुलै त्रेपन्न, आणि सुंदराबाई गप्प बसली. पोरीचं भलं होत होतं.

भलं होताना एक काम तिला रोज करावं लागलं. तपासणीला साहेब येतात, बाकावरच्या पोरीची उंची बघून वय विचारतात. म्हणून चुलीपाशी बसवून ती भामाला घोकवायची. "कोनी इचारलं तं?"

"दहावं चालू हाये. जन्मतारीख एक जुलै त्रेपन्न."

"आन कोनी म्हनलं का तू लहानी दिसते?"

"अंगानं बारीक हाओ म्हनायचं."

पहिल्यांदा भामा म्हणाली होती, "पन माय, थे तं खोटं हाये." सुंदराबाईने तिच्या मांडीला असा चिमटा घेतला की दोन दिवस निळं राहिलं. पुढे भामाने विचारलं नाही.

त्रेसष्टच्या मे महिन्यात भामा चौथीत शाळेत पहिली आली. पाचवीची गणितंही तिने उन्हाळ्यात संपवली. तेवढ्यात देवरावगुरुजींनी पेपरातली बातमी आणून वाचून दाखवली. अमरावतीच्या एका संस्थेने कुशाग्र मुलांसाठी वेगळा वर्ग काढला होता. ज्याला जेवढं झेपेल तेवढं शिकवायचं, प्रयोगाची खोली, राहणं-खाणं फुकट. वय आठच्या आत, चौथी उत्तीर्ण.

"हा वर्ग हिच्याचसाठी काढला हाये," गुरुजी म्हणाले.

"आन दाखल्यावर तं दहा लिवलं हाये ना?"

गुरुजींनी मान खाली घातली. "रजिस्टरात हाये थेच दाखल्यावर उतरवा लागते, बाई. पन तिथं मोठे मानसं हायेत. पोरीले पाह्यलं का समजनच त्यायले."

मोठ्या माणसांवर एवढा विश्वास ठेवायला माणूस हेडमास्तरच असावा लागतो.

दहा जूनला सुंदराबाईने खाडा केला आणि पहाटेची पॅसेंजर धरली. बडनेऱ्याला गाडी बदलली. वाटेत तिने भामाची वेणी दोनदा घातली, नख कुरतडायचं नाही म्हणून बजावलं, नमस्कार कसा करायचा ते सांगितलं. सगळं सांगितलं. जे सांगायला हवं होतं, तेवढंच राहिलं.

संस्थेच्या कचेरीत पंखा होता आणि पंख्याखाली कार्यवाह होते. पांढरं धोतर, गोड बोलणं. त्यांनी आधी भामाला पाहिलं, कागद नंतर. पुस्तक वाचायला दिलं. तिने वाचलं. गणित घातलं, तिने तोंडी सांगितलं. मग त्यांनी विहिरीतल्या बेडकाचं कोडं घातलं, दिवसा तीन हात चढतो, रात्री दोन हात घसरतो, दहा हात विहीर. भामा म्हणाली, "आठ दिवस. पन तो वर थांबत काहून नाही? दमला तं कपारीत बसावं ना." कार्यवाह खुर्चीत सरसावून बसले.

"अहो, ही मुलगी विलक्षण आहे," ते म्हणाले. सुंदराबाईच्या छातीवरून वर्षभराचा धोंडा खाली उतरला. मग त्यांनी दाखला उघडला.

"पण हे काय? हिला दहावं सरत आलंय."

"नाई साहेब. सहाची हाये. दाखल्यात चुकलं."

"चुकलं की चुकवलं?"

"दात पाहा ना तिचे!" सुंदराबाईने भामाचं तोंड उघडून दाखवलं. समोरचे दोन पडलेले, तिसरा हलत होता. "दहाव्या वर्साले समोरचे दुधाचे दात पडते का?"

कार्यवाह विचारात पडले. कितीही रागीट माणसाने भला म्हणावं, असा त्यांचा चेहरा त्या वेळी होता. ते म्हणाले, "मूल खोटं बोलत नाही. तिलाच विचारू. ती सहा म्हणाली तर मी सिव्हिल सर्जनकडून वयाचा दाखला घेईन. बाळ, तुझं वय काय?"

भामाने आईकडे पाहिलं. पाठ केलेलं म्हणताना पोरं बघतात तसं. आणि पडलेल्या दातांतून हवा सोडत, स्वच्छ आवाजात म्हणाली, "दहावं चालू हाये. जन्मतारीख एक जुलै त्रेपन्न. अंगानं बारीक हाओ."

सुंदराबाईचा हात उठला. हो, उठला, लपवण्यात काय अर्थ? पण पोरगी शाबासकीची वाट बघत होती. तो हात मग सुंदराबाईने स्वतःच्याच तोंडावर मारून घेतला.

"साहेब, थे म्याच शिकवलं हाये तिले!"

कार्यवाहांनी दाखल्याची घडी घातली. गोडवा होता तसाच होता, पण आता तो लांबून यायला लागला. "हे बघा बाई. दाखला खरा असेल तर मुलगी दहा वर्षांची आहे, या वर्गात बसत नाही. दाखला खोटा असेल तर चौथीही खोटी, तिला पहिलीत बसवावं लागेल. शिवाय तुमच्या हेडमास्तरांविरुद्ध मला लिहावं लागेल. काय लिहू, तुम्हीच सांगा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सुंदराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण डोकं जागेवर होतं. रेच्यावर वीस वर्षं बोटं वाचवलेली बाई होती ती.

"पहिलीत बसवली तं चौथी कवा पास होईन?"

"चार वर्षांनी."

"तवा दहाची होईन. तवा तुमी म्हनसान वय जास्त झालं. मंग आठाच्या आत चौथी पास झालेलं लेकरू तुमाले भेटते तरी कुठून?"

कार्यवाह दाराकडे बघू लागले. उत्तर दिलं ते कोपऱ्यातल्या कारकुनाने, बिचाऱ्याने सरळपणाने दिलं. "आपल्याच प्राथमिक शाळेतून येतात ना. तिथे वयाची सूट आहे. मंडळींचीच मुलं असतात."

मंडळींची. म्हणजे वकिलांची, डॉक्टरांची, संस्थेच्या सभासदांची. त्यांची पोरं लवकर शिकली तर ती कुशाग्र, आणि भामा लवकर शिकली तर तिचा दाखला खोटा! वर्ग भरलेला होता, पेपरातली बातमी जगाला दाखवायला होती, आणि त्या बातमीवर विसंबून जिनिंगातली एक बाई दिवसभराची मजुरी बुडवून दोन गाड्या बदलून आली होती.

सुंदराबाईने टेबलावरचा दाखला उचलून कमरेला खोचला. कारकून "अहो, अहो" करत उठला. "कोनता दाखला?" ती म्हणाली. "म्या कोनता आनलाच नाई. काय लिवता गुर्जीच्या नावानं, लिवा. आता लिवून द्या मले. पोरगी सहाची हाये, इचारलं थे सगळं सांगतलं, तरी घेतली नाई. असं लिवा आन सही करा."

"असं लिहून देता येत नाही."

"काहून? खोटं हाये का?"

 कुणी लेखणी उचलेना. तेव्हा भामा हळूच म्हणाली, "माय, म्या लिवू?"

तिने टाक उचलला, कोरा कागद ओढला आणि खुर्चीवर गुडघे टेकून लिहिलं. खाली तेच उर्दूत लिहिलं, नसीमबानोला वाचता यावं म्हणून. कार्यवाहांनी वाकून पाहिलं. एवढं ऐकून, एवढं बघून तो शहाणा माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "अक्षर छान आहे हो!"

"अक्षराचं कवतिक घरीच ठेवा तुमी," सुंदराबाई म्हणाली. "हा कागद फाइलीत लावा."

"थांब ना माय, जन्मतारीख राह्यली," भामा म्हणाली. टाक हातातच होता. "एक जुलै लिवू का?"

सुंदराबाई त्या टेबलाशी वाकली, पोरीच्या उंचीची झाली. साहेब उभा आहे, कारकून उभा आहे, याची तिला पर्वा नव्हती. "नाई. थे खोटं हाये. तू खरं बोलली तवा म्या तुले चिमटा घेतला, थे माहं चुकलं. नागपूरले गेलो तवा तू पोटात होती. त्याच्यानंतरची संक्रांत झाली आन दुसऱ्या दिवशी तू झाली."

भामाने डोळे मिटले. ओठ हलले. छप्पन्नचा ऑक्टोबर, मग सत्तावन्नची संक्रांत, मग आजचा दहा जून. तिने तारीख लिहिली आणि तिच्यापुढे आपलं वय लिहिलं, सहा वर्षं, चार महिने, सव्वीस दिवस. लिहिलेलं तिने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि आईकडे बघून इतकी हसली की पडलेल्या दोन्ही दातांची खिंड दिसली.

"माय," ती म्हणाली, "म्या तं अजून लहानीच हाओ!"