वरच्या ओळीतली जागा

ब्रिस्टलपासून तासाभरावरच्या त्या खेड्यात डॉक्टर गिरीश परांजप्यांचं घर चर्चला खेटून होतं आणि बस स्टॉपची वाट थडग्यांमधून जायची. तीनशे वर्षांपूर्वीची दगडी थडगी, एकेक मोठ्या पेटाऱ्याएवढं, वर लोकरीच्या व्यापाऱ्यांची नावं. लांबून लोक फोटो काढायला यायचे. डॉक्टरांची बायको सुप्रभा मात्र तिथून आली की आधी डोक्यावरून पाणी घ्यायची. मसणवट ती मसणवट, मग ती इंग्रजांची का असेना! दूध आणलं, आंघोळ. पत्र टाकलं, आंघोळ. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

"पाच वर्षांत मिरजेला परत जाऊ," असं सांगून डॉक्टरांनी तिला आणलं होतं. पाच कधीच सरली, पण ही वेडी अजून नव्या चादरी मिरजेच्या घरासाठी ट्रंकेत जपून ठेवत होती.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये चर्चची जत्रा भरली. लोकांनी चक्क थडग्यांवर टेबलक्लॉथ अंथरून चहा मांडला. सुप्रभाच्या घशाखाली केक उतरेना. तेवढ्यात तिथले पाद्री बोलायला उठले. डॉक्टरांनी गावासाठी इतकं केलं, म्हणून गावाने त्या दोघांना वरच्या ओळीत, या जुन्या थडग्यांशेजारी, कायमची जागा राखून ठेवली होती. बाहेरच्या कुणाला हा मान मिळाला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता हे गोड बोलून नाही म्हणतील, सुप्रभाला वाटलं. सांगतील, आमच्यात दहन करतात, आणि आम्ही तर परत जाणार. पण कुणी प्रेमाने दिलेलं नाकारणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. डॉक्टरांनी डोळे पुसले आणि दोघांच्या वतीने आभार मानले.

घरी येताना तिने विचारलं, "अहो, आपण परत जाणार होतो ना?"

डॉक्टर उगाचच फाटकाची कडी चाचपत राहिले. "सुप्रभा, मिरजेत आता आपलं कोण आहे?"

हे त्यांनी कधी ठरवलं? आणि तिच्याआधी गावाला कसं कळलं? भांडायचं तर कुणाशी, सगळे इतके चांगले!

ती वर गेली, ट्रंक उघडली आणि कोऱ्या चादरी काढून पलंगावर घालायला लागली. थोड्या वेळाने डॉक्टर दारात आले.

"पाणी तापलंय. आंघोळ करतेस ना?"

"कशाला?" ती चादरीची घडी मोडत म्हणाली. "आपल्याच जागेवरून आल्यावर कुणी आंघोळ करतं का?"