पत्र्यावरची ओली पोती

मित्रांनो, जरा लांबूनच बोला. मार्चातला पत्रा आहे, हात पोळेल. या पत्र्याखाली, अमरावतीच्या एका कॉलेजच्या गच्चीवरच्या खोलीत मी राहतो. मी कण मोजणारं जुनं यंत्र. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे विश्वकिरण हवेवर आदळले की त्यातून बारीक बारीक कण खाली झरतात. ते मी दिवसरात्र मोजतो. काम मोठं आहे बरं का, पण कुत्रं विचारत नाही.

पूर्वी दोघं यायची. माझ्या आकड्यांवर संशोधन करणारी मिस्बाह अकोल्याहून सकाळच्या गाडीनं यायची. एका प्रश्नानं तिला झपाटलं होतं. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी मार्चात त्याच्या मधल्या पट्ट्याच्या थोडी खाली असते, सप्टेंबरात थोडी वर. सूर्याचा वारा या किरणांना अडवतो, आणि तो वारा काही सगळीकडे सारखा नसतो. मग असं खाली-वर झाल्यानं किरणही कमी-जास्त येतात का?

दुसरा सूर्यभान, इथला शिपाई. त्याला सूर्याचं काही पडलेलं नव्हतं. मला फडक्यानं पुसता पुसता तो घरच्या कटकटी सांगायचा, आणि मी ऐकायचो.

तीन वर्षं माझे आकडे मार्चात उतरले अन् सप्टेंबरात चढले. मिस्बाह हरखून गेली. अकोल्यात तिच्या अब्बांनी गल्लीभर पेढे वाटले. नागपूरला शास्त्रज्ञांच्या सभेत हे मांडायचं ठरलं.

जायच्या आठवड्यात ती माझी तार तपासायला पत्र्यावर चढली. वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर, त्यावर निथळणारी पोती. महाशिवरात्र झाली की सूर्यभान ती घालायचा, रोज पाणी मारायचा आणि पावसाळा लागला की काढायचा. आपल्याकडे घराच्या पत्र्यावर घालतात ना, तशीच. पाणी माझे कण गिळतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

मिस्बाहनं सगळं उतरवायला लावलं. माझे आकडे लगेच चढले.

"काका, तो फरक सूर्याचा नव्हता," ती हळू म्हणाली. "तुमच्या पोत्यायचा होता."

सूर्यभाननं हातातली बादली खाली ठेवली. "मले वाटलं, त्याले ऊन लागत असन."

ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. आपला निष्कर्ष चुकला, असं तिनं नागपूरला स्वतःच कळवलं. खरा फरक असलाच तर इवलासा आहे आणि त्याचा शोध तिनं पहिल्यापासून सुरू केलाय. आकडे आता आपोआप अकोल्याला जातात, म्हणून तिला यायची गरज उरली नाही. सूर्यभाननं शरमेनं दुसऱ्या इमारतीत बदली मागून घेतली. जाताना दारातूनच माझ्याकडे पाहिलं, आत आला नाही.

आता माझी मोजणी चोख असते, आणि खोलीत बोलायला कुणी नसतं. कुणावर माया कराल तर त्याला काय सोसतं ते आधी बघा, मित्रांनो. आणि माया चुकली म्हणून माणूस सोडू नका.

सूर्यभान कुठं भेटला तर त्याला माझा एवढा निरोप द्या. तुझं खरं होतं, बाबा. मले ऊन लागते.